कांद्याच्या चाळीमागची मीटिंग

मी घर सोडलं ते टोमॅटोच्या गाडीतून. चांदवडजवळच्या आमच्या गावातून शेजारच्या बाळूकाकांची पिकअप पिंपळगावच्या मार्केटला निघाली होती. तिथून नाशिकची एसटी लगेच मिळते, असा नानांचा हिशेब. मागे टोमॅटोच्या क्रेटवर माझी गादी, बादली आणि पुस्तकांची गोणी बांधलेली. पुढे बाळूकाकांच्या शेजारी नाना, म्हणजे माझे वडील, आणि मी. गाडी सुरू झाल्यावर आईला आठवलं की लोणच्याची बरणी घरातच राहिली. ती पळत गेली, पळत आली आणि खिडकीतून बरणी माझ्या मांडीवर ठेवली. दम लागल्यामुळे तिला बोलता आलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं. ती काही बोलली असती तर मी उतरलेच असते.

हॉस्टेलच्या दारात नानांनी टोपी काढली, झटकून पुन्हा घातली. मग म्हणाले, "काय लागलं तर सांग. नाय लागलं तरी सांग."

मला लागलं ते सगळं मिळालं. ते आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझ्या घरच्यांचं काही चुकलं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाले, नाशिकजवळच अंबडच्या एका औषध कंपनीत लॅबला लागले. ज्या हायस्कूलमध्ये मी पत्र्याखाली बसून शिकले, तिथे गॅदरिंगला मला पाहुणी म्हणून बोलावलं. नारळ, शाल, टाळ्या. पुढच्या रांगेत नाना नवा सदरा घालून बसले होते. मी माईकवर मुलींना सांगितलं, भरपूर शिका, सगळं चांगलं होतं.

त्याच हिवाळ्यात माझे केस विंचरायचे थांबले. याला दुसरं वाक्य मला आजही सुचत नाही. कामावर जायची, मशीनवर नमुने लावायची, नोंदी करायची, खोलीवर येऊन बुटांसकट पलंगावर पडायची. दुःख म्हणावं तर दुःखही नव्हतं. जेवणाला चव नव्हती आणि रविवार संपता संपत नव्हता. आईने पाठवलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले. त्यांना बुरशी आली तेव्हा मी ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि घंटागाडीत टाकले. गाडीचं गाणं वाजत वाजत पुढच्या गल्लीत गेलं तरी मी जिन्याच्या पायरीवर बसून होते. थंडीत चुलीपुढे बसून, डोळ्यांत धूर घेऊन तळलेला डिंक होता तो. संध्याकाळी आईचा फोन आला, "लाडू पुरले का गं?" मी म्हणाले, "पुरले."

माझी रूममेट रूपाली लासलगावची, व्यापाऱ्याच्या घरातली, तोंडाने फटकळ. ती एक दिवस म्हणाली, "तू एक तर अंघोळ कर, नाहीतर कुणाशी तरी बोल. दोन्ही केलंस तर माझ्यावर उपकार होतील." तिनेच पुण्याच्या एका समुपदेशक मॅडमची ऑनलाइन वेळ घेऊन दिली. नाशिकमधल्या कुणाकडे जायला मी तयार नव्हते. आमचा निम्मा तालुका दवाखान्याला, कोर्टाला, लग्नाच्या बस्त्याला नाशिकलाच येतो. 'मनाचे विकार' लिहिलेल्या पाटीखालून मी बाहेर पडायला आणि समोरून कुणी काका यायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून दर रविवारी सकाळी फोनवर. फोन टेकवायला लोणच्याची तीच बरणी. रूपाली तेवढा वेळ गच्चीवर कपडे वाळत घालायची. कपडे नसले तरी घालायची. पडद्यावर मी गळ्यापासून वर दिसायचे, तेवढंच नीट ठेवलं की भागायचं. मॅडमनी अवघड काही विचारलं की मी म्हणायची, "आवाज तुटतोय, मॅडम." नेटवर्कवर मी जेवढं खोटं बोलले तेवढं आयुष्यात कशावर बोलले नसेन. पण हेही खरं, की समोर बसून कधी तोंडातून निघाली नसती ती गोष्ट मी त्या छोट्या चौकोनाला सांगितली: मला घरी जावंसं वाटत नाही, कारण घरी गेलं की माझ्याकडे बघून सगळे खूश होतात.

पुण्याच्या मॅडमच्याच सांगण्यावरून मी सुट्टी घेऊन घरी गेले. कांद्याची लागवड चालू होती. आमच्याकडे व्हिडिओ चालेल एवढी रेंज एकाच ठिकाणी, कांदे साठवायच्या चाळीमागे. रविवारी मी तिथे रिकाम्या क्रेटवर बसून बोलायचे. आई सगळ्यांना दटावायची, "गप बसा, मीटिंग हाय तिची." नानांनी माझ्यासाठी पाण्याची मोटरसुद्धा बंद ठेवली. पण चाळीच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या. कांद्याला वारा लागावा म्हणून मुद्दाम तशाच ठेवलेल्या. शब्द कळले नाहीत तरी हुंदका पलीकडे जातो.

दुसऱ्या मीटिंगनंतर माझी चुलती आईला म्हणाली, "म्या बी बचत गटाच्या लय मीटिंगा केल्यात. रडत रडत कोण मीटिंग करतं गं?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. मजूर बाया जेवायला बसल्या होत्या तेव्हा नानांनी मला ओट्यावर बोलावलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, भर दुपारी, शेतातलं काम सोडून. आई चौकटीला धरून उभी होती.

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "कोण हाय तो?"

"कोण?"

"दर रविवारी ज्याच्याशी बोलती तो."

मी आईकडे बघितलं. त्यांना वाटलं मी घाबरले.

"हे बघ, मी तुझ्या आईशी बोललो. आपल्यातला असला तर चांगलंच. नसला तरी... माणूस कामाचा असला म्हंजे झालं. लोकांचं मी बघतो. आण त्याला घरी."

आईला राहवलं नाही. "पण चांगला हाय तर रडवतो कशाला गं तुला?"

मला हसू आलं. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं ते खरं, पोटातून आलेलं हसू. आणि ते अर्ध्यावरच मोडलं, कारण मला कळलं की माझ्या बापाने आठवडाभर हे वाक्य जुळवलं असणार. आमच्या भावकीत याच गोष्टीवरून माणसांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलंय. त्यातून ते एकटे चालत या ओट्यापर्यंत आले होते. आणि तिथे मुलगाच नव्हता.

"तो नाय, नाना. त्या मॅडम हायेत. डॉक्टरसारख्या. मला बरं नाही."

"म्हंजे पोरगा नाय?"

"नाय."

आईच्या चेहऱ्यावर चक्क निराशा आली. तिने मनातल्या मनात त्याला जेवायला काय करायचं तेही ठरवलं असावं. मग मी डिप्रेशन म्हणजे काय ते सांगायला लागले. पुस्तकातली वाक्यं आठवली, ती कुणाच्या कामाची नव्हती. शेवटी म्हणाले, "लाडू खाल्ले नव्हते मी. टाकले."

आई खाली बसली. नानांनी एकच विचारलं, "आमचं काय कमी पडलं?"

गाव सोडून शिकायला आलेल्या, माझ्यासारख्या सगळ्यांना हा प्रश्न माहीत असेल. विचारला नाही तरी तो घरात असतो. कमी काहीच पडलं नव्हतं, आणि मला तेच सांगता येत नव्हतं. कमी पडलं नसताना असं होतं, हे ऐकायला त्यांना जास्त वाईट.

"आमच्याशी बोलता येत नाय, तिच्याशी येतं?" आई म्हणाली.

"तिला वाईट वाटत नाही ना आई, म्हणून."

संध्याकाळी मोटर चालू करून आल्यावर नाना म्हणाले, "फोनवर काय कळतं त्या बाईला? व्यापारी कांदा फोटोवर घेतो का? ढिगात हात घालून दाबून बघतो." दाबूनसुद्धा आतला सडका कांदा कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यावरून घरात दरवर्षी भांडण होतं. पण पुण्याच्या मॅडमही गेले काही रविवार हेच सुचवत होत्या, की आता नाशिकमध्ये कुणाला तरी समोरासमोर भेट. मी आवाज तुटतोय म्हणत होते.

नाना माझ्याबरोबर नाशिकला आले. दवाखान्याच्या जिन्यावर मी आजूबाजूला बघितलं. ते बघतच नव्हते, कठडा धरून सरळ चढले. आत गेल्यावर कळलं की इथे गळ्यापासून खाली सुद्धा मी आहे. पाय कुठे ठेवायचे सुचेना. नव्या मॅडम माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "अंगठ्याला काय झालं?" बोलताना मी नखाशेजारची कातडी रक्त येईपर्यंत सोलते. पुण्याच्या मॅडमपुढेही सोलत होते, बरणीच्या खाली, पडद्यात दिसत नाही तिथे. आवाज तुटतोय म्हणायची सोय नव्हती. त्या दिवशी निम्मा वेळ मी गप्प बसले. तो गप्प बसलेला वेळही त्यांनी माझ्यासोबत घालवला. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून डॉक्टरांनी गोळ्याही सुरू केल्या.

दोन्हींत चांगलं कोणतं, असं रूपाली विचारते. मला ठरवता येत नाही. तो चौकोन नसता तर मी या जिन्यापर्यंत आलेच नसते. फरक मला एवढाच सांगता येतो: फोन बंद केला की तोंड धुवून पुन्हा सगळ्यांची हुशार मुलगी होता येतं. इथे दार उघडलं की तसंच बाहेर यावं लागतं.

त्या पहिल्या दिवशी बाहेर नाना होते. शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांना ते यंदा रोपांवर पडलेल्या रोगाबद्दल सांगत होते. मला बघून उठले. माझे डोळे सुजलेले. त्यांनी बाटलीचं झाकण काढून पाणी पुढे केलं. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर म्हणाले,

"झालं बोलून?"

"झालं."

"आमचं बी बोलली?"

"हो."

"बोल. बोलत जा." थोडं चालल्यावर ते थांबले. "लय वाईट तर नाय ना बोलली?"

मी नाही म्हणाले. खरं तर त्यांच्या चांगुलपणाचं ओझं होतं, असंच बोलले होते. ते वाईट बोलणं होतं की चांगलं, मला अजून कळलेलं नाही.

आता बरी आहे म्हणावं इतकी बरी आहे. अपराधी वाटणं गेलेलं नाही. गावात नाना सांगतात, पोरीला अॅसिडिटी हाय. ते ऐकलं की माझ्यासाठी त्यांना खोटं बोलावं लागतं याचं वाईट वाटतं, आणि आतून हायसंही वाटतं. सुट्टीत घरी गेले की पुण्याच्या मॅडमशी अधूनमधून चाळीमागून बोलते. चुलती आली की आई म्हणते, "डॉक्टरशी बोलती ती," आणि स्वतः तिला घेऊन लांब विहिरीकडे जाते.

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथे चांगली बातमी घेऊन जायचं ते ठिकाण. बातमी नसली तर जायचं नाही. आता कधी कामावरून आले, बूट काढायचं बळ नसलं, की नानांना फोन लावते. "काय चाललंय?" ते विचारतात. मजेत आहे, असं आता म्हणत नाही. म्हणते, "आज बरं नाही वाटत, नाना." यावर काय बोलायचं ते त्यांना माहीत नाही. ते बोलत नाहीत आणि फोनही ठेवत नाहीत. पलीकडे मोटरचा आवाज येतो, कुत्रं भुंकतं, आई भांडी घासता घासता विचारते, "काय म्हणती?"

"काय नाय म्हणत," नाना सांगतात. "हाय फोनवर."