खोटी मारवेल

धुळ्याहून साक्रीकडे जाताना डोंगराच्या अंगाला एक गाव लागतं. तिथे पितांबर नानांना सगळे ‘गवतवाले नाना’ म्हणत. वनखात्यात वनमजूर म्हणून त्यांची हयात गेली. बांधावर ओळखू न येणारं गवत दिसलं की माणूस काडी घेऊन त्यांच्या ओट्यावर यायचा. नाना काडी उजेडात फिरवत, पेर दाताखाली दाबत आणि नाव सांगत. ते कधी चुकत नाहीत असं गाव म्हणे, आणि नानांनाही ते ऐकून ऐकून खरं वाटू लागलं होतं.

गावाने गायरानाला तारेचं कुंपण घातलं. दिवाळीला गवत कापायचं आणि घरोघरी वाटून घ्यायचं, असं ठरलं. आत दोन गवतं एकमेकांत मिसळून वाढली होती. एक मारवेल, जिच्यावर गाई तुटून पडतात. दुसरं तिचंच भावंड, जरा उग्र वासाचं, कमी चारा देणारं. गाव त्याला खोटी मारवेल म्हणे. दोघींच्या पेरांवर पांढऱ्या लवेचं कडं, दोघींचा तुरा हाताची बोटं पसरावीत तसा. खोटीच्या दाण्यावर मात्र सुई टोचल्यासारखी खाच असते, पण ती दिसायला तुरा यावा लागतो.

खोटी उपटायचं ठरलं तेव्हा श्रावण चालू होता. तुरे यायचे होते. नाना बायांना घेऊन गायरानात गेले आणि जमिनीसरपट वाढलेल्या, तांबूस कांड्यांच्या गवताकडे बोट करून म्हणाले, “हाई खोटी शे. काढा.”

मंजुळाबाई थांबली. तिच्या दारात एकच गाय होती, तिच्या दुधावर घर चालायचं. ती म्हणाली, “नाना, तुरा निंघू द्या ना. मंग उपटूत.”

“तू माले शिकाडस का?” नाना सगळ्यांसमोर म्हणाले. “मन्ही बठ्ठी जिंदगी गवतमा गई.”

मंजुळाबाईने पदर खोचला आणि उपटायला बसली. उपटलेले ठोंब कुंपणाजवळ ढीग करून टाकले.

भादव्यात राहिलेल्या गवताला तुरे आले. नानांनी सहज एक दाणा नखावर घेतला. खाच होती. दुसरा घेतला, तिसरा घेतला. उभं राहिलेलं बहुतेक सगळं गवत खोटं होतं. ते ढिगाकडे गेले. तळाचे काही ठोंब पावसाने पुन्हा रुजले होते, त्यांनाही तुरे आले होते. त्यांचे दाणे गुळगुळीत होते. वर्षानुवर्षं गुरांनी तुडवल्यामुळे खरी मारवेल जमिनीला चिकटून वाढली होती, आणि नानांनी नुसत्या ठेवणीवरून तिला खोटी ठरवलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पायाने त्या तुऱ्यांवर माती लोटली.

आठवड्याभरात तुरे पाहून गावालाही कळलं, तेव्हा ग्रामपंचायतीत स्वप्नील बोलला. तो तरुण सदस्य, गायरानाचं काम त्याच्याकडे होतं. “बायांनी उलटंच उपटलं. नानांनी दाखवून दिलं होतं, तरी. पुढच्या वेळी त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्या मंजुळाबाईला कामाला घेऊ नका.”

नाना तिथेच बसले होते. हातात चहा होता. ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांना अन्न गोड लागेना. मंजुळाबाईच्या दारावरून जायला नको म्हणून ते नाल्याकडून फिरून जाऊ लागले. कुणी काडी घेऊन आलं तर नाना झोपलेत असं सांग, असं त्यांनी बायकोला बजावून ठेवलं. एकदा खरंच कुणी आलं आणि बायको त्यांच्यासाठी खोटं बोलली. तेव्हा त्यांना घरात बसवेना.

त्याच संध्याकाळी पारावर माणसं जमली होती. मंजुळाबाई गाय घेऊन चालली होती. नाना उभे राहिले. स्वप्नीलला म्हणाले, “मन्ही चूक व्हयनी. मंजुळाबाईनी थांबाले सांगं व्हतं, मी ऐकं नही. आणि तू तिले बोलना तवय मी गप बसनू.”

एकजण घसा खाकरून दुसरीकडे बघू लागला.

मंजुळाबाईने गाईची दोरी ओढून धरली. “मानूस चुकस, नाना,” ती म्हणाली. “पन माले बठ्ठासमोर बोलनात, आणि मंग गप बसनात. ते लागनं.” आणि ती गेली.

नानांनी ढिगातले जिवंत ठोंब निवडले. कमी पडले ते पहूर गावातल्या मेव्हण्याच्या बांधावरून, एकेका दाण्याची खात्री करून, पोत्यात भरून एसटीने आणले. गायरानात ते एकटेच लावत बसत. चौथ्या दिवशी मंजुळाबाई आली. तिने दुसऱ्या टोकापासून लावायला सुरुवात केली. पाऊस लवकर ओसरला आणि निम्मेच ठोंब जगले. दिवाळीला प्रत्येकाच्या वाट्याला थोडकंच गवत आलं, तेही बरंचसं खोटं.

मंजुळाबाई आता त्यांच्याशी बोलते, नीट बोलते. तब्येतही विचारते. तरी ती समोरून आली की नानांची मान आपोआप खाली जाते.