शाळा बंद, खिचडी चालू

“मॅडम, तुमी जरा बाहेर या. कुलूप लावायचंय.”

भाऊसाहेब दारात उभे होते. हातात नवं कोरं कुलूप, पुठ्ठ्यावरून अजून सुटलेलं नव्हतं. आत मी चौथीला भागाकार देत होते, तिसरी पाढे लिहीत होती, दुसरी चित्रं रंगवत होती आणि पहिली एकमेकांना रंगवत होती.

“एवढा भागाकार होऊ द्या,” मी म्हटलं.

“होऊ द्या की,” म्हणून ते व्हरांड्यात बसून राहिले. आंदोलक असावा तर असा.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. पालकांची ही समिती प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला असते. आमची शाळा तिसगावच्या पलीकडे, एका वस्तीवर. दोन खोल्या, पहिली ते चौथी, शिक्षकांच्या जागा दोन. उन्हाळ्यात माझ्याबरोबरच्या सरांची बदली झाली. त्यांच्या जागी ज्यांचं नाव आलं ते आलेच नाहीत, त्यांचं नाव तेवढं आलं. जूनपासून चार इयत्ता आणि एक बाई. बाई पन्नाशीच्या पुढची आणि गुडघे बाईच्याही पुढचे.

एका शिक्षकाची शाळा कशी चालते, हे लोक मला विचारतात. सोपं आहे. एका खोलीत बोलायचं, दुसऱ्या खोलीच्या दिशेनं ओरडायचं. आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर असतात. दिवसभर धडामधुडुम ऐकून येतात आणि घरी आल्यावर मला म्हणतात, “हळू बोल, मी समोरच बसलोय.”

वरचे वर्ग तरी ओढता येतात. फळ्यावर काम लिहून दिलं की करतात. पहिलीचं तसं नाही. ज्याला वाचताच येत नाही त्याला काम लिहून काय देणार? त्याच्याशेजारी बसावं लागतं, बोट धरावं लागतं. मला बसायला फुरसत नव्हती.

हे सगळ्यात आधी पकडलं अनितानं. तिची कोमल पहिलीत. आमच्या वस्तीतली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, नवराबायकोची जोडी. तिला कोयताच म्हणतात, दोघं मिळून एक कोयता. पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात राहतात. पूर्वी पोरंही बरोबर जायची आणि शाळा सुटायची. आम्ही दरवर्षी घरोघर जाऊन, आज्यांच्या पाया पडून, पोरं मागं ठेवायला लावली. आता कुठं ते वळण पडलं होतं. आणि दसरा झाल्यावर अनिता शाळेत आली, कोमलचं पुस्तक घेऊन.

“मॅडम, वाचून दावती बघा.”

कोमलनं ‘क कमळाचा’ हे पान धडाधड म्हणून दाखवलं. अनितानं चित्रावर अंगठा ठेवला. “आता म्हण.” कोमल अंगठ्याकडं बघत राहिली.

“चार महिनं झालं,” अनिता म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. “मंग म्हातारीच्या गळ्यात कशाला बांधू? आईबापाजवळ तरी ऱ्हाईल. दुसरा सर आला तर ठिवते, न्हाईतर घेऊन जाते.”

तिचं खरंच होतं. आणि एक अनिता पोर घेऊन निघाली की तिच्यामागं बाकीच्या निघतात. मग पट खाली येतो. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या, आणि शिक्षकाची जागा त्या पटावर ठरते. म्हणजे शिक्षक नाही म्हणून पोरं जाणार, आणि पोरं नाहीत म्हणून दुसरी जागाच कायमची जाणार. तिथून पुढं मी आणि माझा आवाज.

अर्ज करून झाले होते. विनंत्या झाल्या. मग समितीनं ठरवलं, कुलूप ठोकायचं. कोयते निघायच्या आत शिक्षक मिळालाच पाहिजे.

“भाऊसाहेब, मी सरकारी नोकर आहे. मला यात धरू नका,” मी म्हटलं होतं.

“तुमाला कोन धरतंय? तुमी फक्त बाहेर बसा.”

तर भागाकार संपला, आम्ही बाहेर आलो, कुलूप लागलं, टाळ्या झाल्या. मग माझ्या लक्षात आलं की माझा डबा आत राहिला. कुलूप उघडलं. डबा घेतला. कुलूप लागलं. मग चष्मा. तो नेमका मिळेना, तेव्हा अर्धी समिती आत येऊन बाकांखाली शोधू लागली. शेवटी तो माझ्या डोक्यावर सापडला. तिसऱ्यांदा कुलूप लागलं तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

एवढ्यात सिंधूबाई आल्या. दुपारची खिचडी त्या शिजवतात. स्वयंपाकाची खोली वेगळी, पत्र्याची.

“खोल्या तुमच्या. त्याला काय लावायचं ते लावा,” त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या. “माझ्या चुलीकडं यायचं न्हाई.”

“सिंधूताई, आंदोलन हाय.”

“आसंल. पोरांच्या पोटानं काय केलंय?”

यावर समितीची जागीच बैठक झाली आणि ठराव झाला : शाळा बंद, खिचडी चालू.

आता खिचडी आहे म्हटल्यावर घरी कोण जातंय? सगळी पोरं लिंबाखाली बसून राहिली. मीही बसले. तुमच्यासमोर ओळीनं पोरं बसलेली असली आणि तुम्ही जन्मभर एकच धंदा केलेला असला, तर काय होणार? मी सहज विचारलं, “बारा पंचे?”

“साठ!”

झालं. तिकडं भाऊसाहेब मोबाईल धरून व्हिडिओ काढत होते. “ही बघा आमची शाळा. शिक्षक न्हाई म्हनून बंद पाडलेली हाय. इथं सगळं शांत शांत...” आणि मागून खणखणीत आवाज, “बारा सक बहात्तर!”

“ओ मॅडम! गप करा की पोरान्ला. शाळा बंद हाय!”

इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकवू नका म्हणून मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. तेही शिक्षक मागणाऱ्या माणसानं. मी पोरांना मनातल्या मनात पाढे म्हणायला सांगितले. त्यांचे ओठ हलत राहिले आणि व्हिडिओ पार पडला.

खरा घोटाळा पुढं आहे, आणि तो माझा. रोज पोरं जेवली की किती जेवली ते मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरावं लागतं. न भरलं तर फोन येतो, म्हणून हाताला सवय झालेली. खिचडी झाली की चूळ भरायची आणि ॲप भरायचं. त्या दिवशीही भरलं, दुसऱ्या दिवशीही. मनात काहीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब तालुक्याच्या ऑफिसात निवेदन द्यायला गेले. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरकडं बघितलं आणि सांगितलं, “तुमची शाळा तर व्यवस्थित सुरू आहे. उलट हजेरी वाढलीय.”

भाऊसाहेब परत आले ते मोटारसायकल स्टँडवर न लावता, भिंतीला टेकवून, सरळ माझ्यापुढं.

“मॅडम, तुमी आमच्या बाजूच्या का त्यांच्या?”

“अहो, पोरं जेवली होती ना?”

“जेवली ते बरं झालं. सांगायची काय घाई हुती?”

सिंधूबाई भांडी घासता घासता पाठ वळवून हसत होत्या. पाठसुद्धा हसताना कळते.

मात्र त्या घोटाळ्यानं एक झालं. शाळा नक्की सुरू आहे की बंद, हे बघायला ऑफिसनं केंद्रप्रमुखांना पाठवलं. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. आमचे डमाळे साहेब. त्यांच्याकडं शेजारच्या केंद्राचाही चार्ज, कारण जागा तिथंही रिकामी. व्हॉट्सॲपवर रोज माहिती मागवायची, हे त्यांचं मुख्य काम. त्यांच्या प्रत्येक मेसेजवर ‘अतितात्काळ’ लिहिलेलं असे, दिवाळीच्या शुभेच्छा सोडून.

साहेबांनी हेल्मेट काढलं, कुलपाकडं बघितलं, चुलीकडं बघितलं.

“मॅडम, एका शब्दात सांगा. सुरू की बंद?”

“शाळा बंद आहे साहेब. शिक्षण थोडं थोडं चालू आहे.”

“असं लिहिता येत नाही हो.”

भाऊसाहेब पुढं झाले. “साहेब, कुलूप काढतो. पर तुमी पहिलीला बसा. मॅडम बाकीच्यांला घेत्याल. मधल्या सुट्टीपत्तुर बसा, आन मंग काय लिव्हायचं ते लिव्हा.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “मला मीटिंग आहे. दहा मिनिटं बसतो.”

कुलूप निघालं. साहेब पहिलीत गेले, मी शेजारच्या खोलीत. कान मात्र भिंतीला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांचा, “हे काय?” आणि पोरांचा, “कमळ!” मग पुस्तक मिटल्याचा. मग खडूचा. नुसता ‘क’ लिहून विचारलं असणार, कारण पोरं एकदम गप झाली.

मी दारातून डोकावले. साहेब खुर्ची सोडून फरशीवर बसले होते. एका पोरानं त्यांचं हेल्मेट घातलं होतं. कोमलचं बोट धरून ते फरशीवरच्या ‘क’वरून फिरवत होते, आणि बाकीची पोरं आपापली बोटं पुढं करून रांग मोडत होती. हा माणूस अधिकारी होण्याआधी बरीच वर्षं पहिलीचा शिक्षक होता, हे मी विसरले होते. बहुधा तेही विसरले होते.

त्यांचा फोन वाजत होता. वाजून वाजून बंद व्हायचा, परत वाजायचा. शेवटी त्यांनी तो न बघताच दाराबाहेर सरकवला. सिंधूबाईंनी उचलला.

“कोन? ...साहेब शिकिवत्यात. ...न्हाई, आता न्हाई जमायचं. सुट्टी झाल्यावर करा.”

फोन तालुक्याहून, मोठ्या साहेबांचा होता.

डमाळे साहेब गेले ते शाळा सुटल्यावर, पँटवर खडू घेऊन. मीटिंग बुडाली. त्यांनी अहवाल लिहिला तो मला वाचून दाखवला. पहिलीला स्वतंत्र शिक्षक असल्याशिवाय ही मुलं वाचायला शिकणं शक्य नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. वर ‘अतितात्काळ’. तो शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटला.

कुलूप परत लागलं नाही. दिवाळी झाली. ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक येणार म्हणून वस्तीत बोचकी बांधायला लागली. अनितानं कोमलचे दोन फ्रॉक आपल्या बोचक्यात घातले, असं सिंधूबाईंनी येऊन सांगितलं. मी रोज रस्त्याकडं बघत होते, कोणी नवा तरुण शिक्षक बॅग घेऊन येतोय का म्हणून.

आले ते डमाळे साहेबच. खिशातून ऑर्डर काढून माझ्यापुढं धरली. नवीन शिक्षक उपलब्ध होईपर्यंत सदर शाळेतील अध्यापनाचे काम केंद्रप्रमुखांनी स्वतः पाहावे.

“मॅडम, मी शिक्षक मागितला होता.”

“मिळाला की साहेब.”

“हसू नका.”

मी हसत नव्हते. म्हणजे तोंड उघडून हसत नव्हते.

खरं सांगते, मला वाटलं होतं हे कागदोपत्री येतील. सही करतील, चहा घेतील, जातील. पण दुसऱ्या दिवशी साहेब चिंचोक्यांची पिशवी घेऊन आले, मोजायला. हेल्मेट खिडकीत ठेवलं आणि फरशीवर बसले.

खिडकीबाहेर अनिता डोक्यावरचा पदर धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मग माझ्याकडं आली.

“ह्ये साहेब रोज येनार व्हय?”

खोटं बोलून भागणार नव्हतं. “आठवड्यातून चार दिवस येतील.”

“आन बाकीचं दोन?”

“मी आहे की.”

“तुमी काय, हायच वो,” अनिता म्हणाली, अंगणातल्या लिंबाबद्दल बोलावं तसं. मला ते प्रमाणपत्रासारखं वाटलं.

ट्रक गेला. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं, ती दोन-तीन घरची पोरं गेलीच, त्यांना कोण थांबवणार? बाकीची राहिली. फ्रॉक बोचक्यातून परत निघाले आणि कोमल आजीजवळ राहिली. पट टिकला.

थंडी सरता सरता अनिताचा फडावरून मला फोन आला. उसाच्या पाचोळ्याचा आवाज येत होता.

“मॅडम, आमच्या म्हातारीनं तक्रार केली. पोरगी तिला वरडती म्हनं. गोळ्याच्या पाकिटावर ल्हिलंय सकाळी एक, आन तू दोन का खाती म्हनती.”

“मग? कोमलला समजावू का मी?”

“नगं,” अनिता म्हणाली. “वरडू द्या.”

दुसऱ्या शिक्षकाची जागा अजून रिकामीच आहे. आम्ही दर महिन्याला मागतो, ते दर महिन्याला कळवतो म्हणतात. केंद्रप्रमुख पहिलीत बसल्यामुळं आमच्या केंद्रातल्या बाकीच्या शाळांना माहिती मागणारं कोणी उरलं नाही. तिथले शिक्षक फोन करून माझे आभार मानतात. म्हणतात, यंदा शिकवायला भरपूर वेळ मिळाला.

यातून मी एवढंच शिकले : सरकारकडं माणूस मागायचा असेल, तर मागणी कोणाच्या हातून जातेय ते नीट बघून घ्यावं. त्याला शिकवता येतं का, याची आधी खात्री करावी. बहुतेक करून त्यालाच परत पाठवतात.