नाव कमी केल्याचा दाखला

अंबिका लालबागच्या चाळीत चार दिवसांसाठी आली, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. आई गेली आणि पाठोपाठ तात्या मोरीत पडून खुब्याचं हाड मोडून बसले. एकुलती एक लेक. ती नाही धावणार तर कोण? कुडाळहून निघताना नवऱ्याला, अवधूतला, तिने बजावलं होतं, "लोणच्याची नवी बरणी मी आल्याशिवाय उघडायची नाही."

तात्यांनाच कुडाळला का नेलं नाही, असं विचारणारे भाड्याच्या खोलीत कधी राहिलेले नसतात. इमारत पाडून नवी होणार ही बोलणी तेव्हापासून चालू होती. पाहणीला आलेल्यांना दाराला कुलूप दिसलं की भाडेकरूच्या नावावर काट बसायला वेळ लागत नाही. तात्यांनी जन्मभर शिवडीच्या गोदामात कारकुनी केलेली. कागद दाखवल्याशिवाय त्यांनी देवालाही घरात घेतलं नसतं.

म्हणून अंबिका राहिली. तात्यांची अंघोळ, औषधं, तात्यांचं चिडणं, सगळं तिनेच निस्तरलं. पण तिच्या तोंडी 'आमच्याकडे' म्हणजे कुडाळच. "आमच्याकडे असले बोटभर बांगडे मांजरसुद्धा खात नाही," असं ती कोळणीला खुशाल सुनवायची. शेजारच्या कौसल्याबाई चिडवायच्या, "काय पाहुणे, कधी निघताय?" ती हसून म्हणायची, "या गणपतीला नक्की!" अकरा गणपतींत तिला दोनदा जमलं.

चार वर्षांपूर्वी अवधूत झोपेतच गेला. तेराव्यापर्यंत ती तिथे होती. बरणी फडताळात तशीच, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली. त्या बरणीपाशी ती जेवढी रडली तेवढी प्रेतापाशीही रडली नव्हती. परत आल्यावर माणसासाठी झुरणं घरासाठी झुरण्यात मिसळून गेलं. मागची पडवी, विहिरीचा रहाट, चुलीशेजारची आपली बसायची जागा. दीर-जाऊ तिथे राहत होते, राहोत बापडे. रेशनकार्डावर आपलं नाव आहे, म्हणजे आपल्याला घर आहे, एवढं तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

यंदा तात्या नव्वदीला टेकले आणि पाहणीची तारीख खरोखरच लागली. चाळीतच लहानाची मोठी झालेली वैशाली कांबळे आता वकील होती. ती मुद्दाम घरी आली.

"अंबिकाताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तात्यांच्या मागे काय? भाड्याची खोली इच्छापत्राने देता येत नाही. भाडेकरूजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाचा तिच्यावर हक्क. तुम्ही इथे राहता हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. कागदाला माहीत आहे का?"

नव्हतं. वीज, गॅस, मतदार यादी, सगळीकडे तात्या एकटे. अंबिकाचं नाव या पत्त्यावर औषधालासुद्धा नव्हतं.

"तिकडच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. आपण इथे चढवू. नाहीतर तात्यांमागे तुम्ही रस्त्यावर."

"दोन्हीकडे नाही का चालत?" अंबिकाने विचारलं. आवाज तिचा तिलाच केविलवाणा वाटला.

"नाही चालत, ताई."

सोयीपुरते बहिरे असलेल्या तात्यांनी खाटेखालच्या ट्रंकेकडे बोट केलं. तिच्यात, सगळ्या पावत्यांच्या तळाशी, त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरातला अर्ज होता. 'सदर कन्या माझ्याजवळ राहत असल्याने तिचे नाव दाखल करावे.' अकरा वर्षांपूर्वीची तारीख. नुसता द्यायचा राहिलेला.

"दिला का नाहीत?"

"दिला असता तर तिकडचं कापावं लागलं असतं ना," तात्या भिंतीकडे बघत म्हणाले. "बापापायी लेकीचं घर सुटलं असं नको होतं मला. तू परत जायची होतीस गो."

अंबिकाला तिथे बसवेना. ती गॅलरीत गेली आणि तिने जावेला, शांताला, फोन लावला. दाखल्याचं कसंबसं सांगितलं. पलीकडे रहाट नव्हे, पंप घरघरत होता.

"अगो वयनी," शांता चाचरत म्हणाली, "तुझा नाव ह्येंनी कधीच कमी केल्यानी. भावजी गेले तेच वर्साक. तुका सांगूचा रवान गेला."

पाच मिनिटांत दाखल्याचा फोटो आला. अवधूतच्या तेराव्यानंतर बरोबर महिन्याने काढलेला. कारणाच्या रकान्यात 'कायमचे स्थलांतर'. चार वर्षं ती ज्या नावाच्या भरवशावर जगली, ते तिथे नव्हतंच.

वैशालीने फोटो पाहिला आणि तिला राहवलं नाही. "ताई, हे तर सोनं आहे! तुम्ही तिकडे राहत नाही, हे सरकारी कागदच सांगतोय. आता खोलीची काळजी नको." मग तिचं लक्ष अंबिकाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिने फोन हलकेच परत केला.

वैशालीने करून आणलेल्या प्रतिज्ञापत्रावर अंबिकाने सही केली. आता तात्यांची हवी होती. त्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबले.

"तिकडचं कापलंस?"

अंबिकाने मोबाइल पालथा ठेवला. "नाही, तात्या. वैशाली म्हणते, चालतं दोन्हीकडे."

तात्यांनी वकिलीणबाईंकडे पाहिलं.

"चालतं, तात्या," वैशाली म्हणाली.

तात्यांनी सावकाश, एकही खाडाखोड न करता सही केली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"मग या गणपतीला घरी जाऊन ये हो," ते म्हणाले. "कौसल्या बघेल माझ्याकडे."

"जाईन की," अंबिका म्हणाली. "चार दिवस."