धाकट्याच्या वाट्याचा हाली रुपया

अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, सकाळची वेळ. रक्कम चौदा रुपये. त्यातले बारा निजामाच्या चलनातले, ज्यांना आमच्याकडे अजून हाली म्हणतात, आणि दोन इंग्रजांचे, म्हणजे कलदार. सगळे चांदीचे. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि साक्षीला चुलते. आई जाऊन वर्ष झालं होतं. शेत आणि घर आधीच वाटून झालं होतं. देवघरातल्या पितळी डब्यातले हे रुपये तेवढे राहिले होते.

आमच्या घराण्यात वाटे थोरल्यानं पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा, अशी रीत आहे. रीत चांगली आहे. कोणता वाटा आपल्याकडे राहणार हे पाडणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो दोन्ही सारखेच पाडतो. शेत, विहिरीच्या पाळ्या, भांडी, सगळं आम्ही असंच वाटलं. तरी धाकटा चार वर्षं म्हणत राहिला, की मी वाटे असे पाडले की त्यानं कोणताही उचलला तरी तोच बुडावा. हे गणितात कसं बसतं ते मी त्याला एकदा विचारलं. त्यानंतरही त्याचं म्हणणं तेच राहिलं.

माझं आष्टीत खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि वीस वर्षांपासून मी नाणी जमवतो. हा छंद महागडा नाही, पण त्यानं माणसं तुटतात. आठवडी बाजारात मोडवाला बसतो, त्याच्या तांब्याच्या ढिगात हात घालून निजामाची दोन पै काढावी, घरी आणून नुसत्या पाण्यानं धुवावी, आणि तीवरची वळणदार अक्षरं हळूहळू दिसू लागावीत, यात जे सुख आहे ते मला दुकानाच्या नफ्यात कधी मिळालं नाही. पण हे सुख एकट्याचं असतं. बाकीचा त्रास सगळा गाव देतो. कोणीतरी मोबाइलवर पाहतो, की ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट लाखाला जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती नोट घेऊन माझ्या काउंटरवर उभा राहतो. मी सांगतो, तिला पाचच रुपये येतील. तो माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतो आणि युरियाची पिशवी समोरच्या दुकानातून घेतो. अशी गिऱ्हाइकं मी मोजायची सोडून दिली आहेत. नाण्याची खरी किंमत सांगणारा माणूस या तालुक्यात लबाड ठरतो. खोटी सांगणारा मोबाइलवरचा माणूस मात्र सगळ्यांचा सोयरा.

आता त्या डब्यातल्या रुपयांचं. हाली रुपयावर चारमिनार असतो आणि त्याच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. ते त्या त्या निजामाच्या नावाचं पहिलं अक्षर. शेवटच्या निजामाच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हे अक्षर आखूड पडलं आहे, पुढे ते पूर्ण पडू लागलं. पूर्ण अक्षराचे माझ्याकडे नऊ आहेत. आखूड अक्षराचा एकही नव्हता. वीस वर्षांत तो मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा विकणार नाही म्हणणाऱ्याच्या हातात. आईच्या डब्यातले रुपये लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचे, पण त्यांच्यावर हळदी-कुंकवाचा थर इतका, की चारमिनारसुद्धा ओळखू यायचा नाही. आईनं ते कधी कुणाला पुसू दिले नाहीत.

त्या सकाळी मी एकेक रुपया ओल्या फडक्यानं पुसत, छोट्या काट्यावर वजन करत, सतरंजीवर दोन ढीग घालत होतो. प्रत्येक ढिगात सहा हाली, एक कलदार. काट्यावरचे आकडे मोठे असल्यानं चष्मा खिशातच होता. नवव्या रुपयावरचं कुंकू निघालं आणि कमानीत काहीतरी तोकडं दिसलं. मी चष्मा लावला. अक्षर आखूड होतं. मी तो रुपया उजव्या ढिगात ठेवला, चष्मा काढला आणि दहावा उचलला. शेवटी दोन्ही ढिगांच्या वजनात सहा शतांश ग्रॅमचा फरक निघाला. तोही मी मोठ्यानं सांगितला.

धाकटा उकिडवा बसला होता. त्याचा हात डाव्या ढिगाकडे गेला. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "अवो, थांबा की. दादांनी सगळे बिनचष्म्याचे मोजले. एकाच रुपयाला चष्मा कावून लावला?"

"कोन्त्या?"

"ह्या उजव्यातल्या. मी बगितलं."

काका हसले. "सूनबाई, तू पोलिसात पायजे हुतीस."

माझी बायको म्हणाली, "चष्मा लावला म्हणून काय झालं? डोळे गेलेत त्यांचे."

"डोळे गेलेत तर एकाच रुपयाला कसे आले, आक्का?"

धाकटा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. ते माझ्याच दुकानानं वाटलेलं कॅलेंडर होतं, आणि मी ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाचत होतो. धाकट्याला तेवढं पुरलं. त्यानं उजवा ढीग उचलला.

लपवाछपवी मला जमत नाही आणि आवडतही नाही. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, भिंग लावून त्याला तो रुपया आणि ते अक्षर दाखवलं, आणि म्हणालो, "बाजारात याला साडेतीन ते चार हजार येतात. मी चार देतो."

"चार हजार. एका रुपयाला?"

"हो."

"आन बाकीच्यांला?"

"बाकीच्यांना चांदीचा भाव."

त्यानं तो रुपया रुमालात बांधला आणि म्हणाला, "बगू."

पुढच्या बाजारच्या दिवशी तो थेट दुकानात आला. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर त्यानं विचारलं, "सोनार म्हनला मोडीत बाराशे. तू चार हजार देतो. जलमात तू कवा कुनाला अठ्ठावीसशे फुकट दिलेत बे?"

थोरल्या भावाला बे म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. गिऱ्हाइकं माना खाली घालून बियाण्यांची पाकिटं वाचू लागली. मी त्याला समजावून सांगितलं, की सोनार चांदी विकत घेतो, मी रुपया विकत घेतो, दोन्ही भाव बरोबर आहेत. मी नाण्यांच्या किमतींचं पुस्तक काढून तो आकडा त्याला दाखवला.

"पुस्तक तुजंच."

"छापलंय कुणीतरी दुसऱ्यानं."

"पन इकत तू घेतलंय."

मी हजार सांगितले असते तर त्यानं मला लुटारू म्हटलं असतं. खरी किंमत सांगितली, तर तीच माझ्या लबाडीचा पुरावा झाली. त्याच्या हिशेबात, मी ज्याला चार देतो त्याची किंमत चारच असणं शक्यच नव्हतं. माझ्याबद्दल त्याचं इतकं पक्कं मत कधी झालं, ते मला माहीत नाही. पाण्याच्या पाळ्या सारख्या असल्या तरी विहीर असलेला शेताचा तुकडा त्याच्या वाट्याला गेला होता, माझ्या नव्हे.

पावसाळ्यात त्याला मोबाइलवर गिऱ्हाईक सापडलं. परराज्यातला नंबर, किंमत पाच लाख, पण आधी नोंदणीचे एकवीसशे भरायचे. हे मला काकांकडून कळलं. मी धाकट्याकडे गेलो आणि सांगितलं, की विकत घेणारा कधी विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही, भरू नको.

"माजं गिऱ्हाईक तोडाया आलास व्हय?"

त्यानं पैसे भरले. नंबर बंद झाला. चौथ्या दिवशी तो माझ्या दारात उभा. "तूच त्याला फोन केलता."

"माझ्याकडे त्याचा नंबर नाही."

"नंबर काडाया तुला काय लागतंय? तालुक्यातल्या समद्या बँका तुज्या खिशात."

माझ्या खिशात एकाच बँकेचं पासबुक आहे आणि त्यावर खतांच्या कंपनीचं देणं आहे. पण मला वाटलं, त्याचं नुकसान झालं आहे, ते भरून निघालं तर राग उतरेल. म्हणून मी काकांना मध्ये घालून निरोप दिला: चार हजार रुपयाचे आणि एकवीसशे तुझ्या नुकसानीचे, मिळून सहा हजार शंभर. काका निरोप देऊन परत आले आणि म्हणाले, "तुजं डोकं ठिकानावर हाय का? तो वट्यावर नाचतोय. म्हनतो, बगा, वाडला. गप बसलो तर आनिक वाडंल."

यानंतर तीन महिने आम्ही बोललो नाही. त्याची बायको रस्त्यात माझ्या बायकोला दिसली की पलीकडून जायची. या काळात रोज रात्री माझी नाण्यांची पेटी उघडून मी पूर्ण अक्षराचे नऊ रुपये पाहायचो आणि दहाव्याची जागा मोकळी पाहून पेटी बंद करायचो. बायको म्हणायची, "आहेत त्यात समाधान नाही तुम्हाला." तिचं बरोबर असेल. पण ज्याला नऊ असून दहावा नाही त्याचं दुखणं नऊही नसलेल्याला सांगता येत नाही. आणि मला राग रुपयाचा नव्हता. माझा आकडा खोटा धरला गेला, याचा होता.

नवरात्राच्या आधी काका पुन्हा आले. धाकट्याला देवाचे टाक करायचे होते. टाक म्हणजे कुळदैवतांच्या प्रतिमांचे चांदीचे छोटे पत्रे, तांब्यावर मढवलेले, देवघरात पुजायचे. भाऊ वेगळे निघाले की जुने टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकटा नवे करतो. आमच्यात त्यांची चांदी घरातलीच लागते, विकतची चालत नाही, आणि सोनाराची मजुरी थोरला देतो. मजुरी नाकारली तर ते देवाला नाकारल्यासारखं धरतात. काकांनी हे सगळं मला माहीत असताना पुन्हा सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "चांदी त्याच रुपयांची घ्यायची म्हनतोय."

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात आम्ही चौघं आष्टीत सोनाराच्या पेढीवर बसलो: सोनार, काका, धाकटा आणि मी. धाकट्यानं रुमाल सोडला. सात रुपये गादीवर पडले. सोनारानं वजन केलं आणि म्हणाला, "खंडोबा, भवानी, योगेश्वरी, तीन टाक ना? मग सात कशाला मोडता? चार बास झाले."

मला वाटलं, सुटला. सातांतून चार काढायचे, तर तीन राहतात, आणि त्या तिनांत तो राहायला काहीच हरकत नव्हती.

धाकट्यानं सातांतला पहिला तोच उचलला. भिंग लागलं नाही. पाच महिने त्यानं तो इतका पाहिला असणार, की माझ्याइतकाच त्याला ओळखू येत होता. त्यानं तो सोनाराच्या पुढ्यात ठेवला आणि मग बाकीच्यांतले तीन न बघता सरकवले.

मी म्हणालो, "हा ठेव. याच्या बदल्यात माझ्या वाट्यातले दोन हाली देतो. तीही आईचीच चांदी आहे. देवाला फरक पडत नाही."

"मला चालतंय," सोनार म्हणाला. "चांदी ती चांदी."

काका म्हणाले, "घे की बाबा. एकाचे दोन हुतेत. देवाचा टाक जाडजूड हुईल."

धाकटा त्या रुपयाकडे पाहत राहिला. मला खरंच वाटलं, तो हो म्हणेल. मग तो काकांकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही. "दोन देतो म्हंजे त्यो दोनापक्षा जास्तीचा हाय. आन जास्तीचा हाय तर देवालाच जाऊ द्या. मला न्हाई तर त्यालाबी न्हाई."

"अरे, त्याची किंमत वितळल्यावर बाराशे," मी म्हणालो.

"तवा बाराशेच. तुजं चार हजाराचं पुस्तक घरी वाच."

सोनारानं माझ्याकडे पाहिलं. रुपया धाकट्याच्या वाट्याचा होता. वाटे मी पाडले होते आणि रीतही मीच पाळली होती. मला हात पुढे करता येत नव्हता. मी मान हलवली. सोनारानं चारही रुपये मुशीत टाकले आणि गॅसची ज्योत सोडली. आधी कडा बसल्या, मग चारमिनार गेला. चारांतला कोणता कुठे होता ते पुढं कळायला मार्ग राहिला नाही. धाकटा वाकून बघत होता. त्याच्या तोंडावर आनंद होता असं मी म्हणणार नाही, पण पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला माझ्याशी भांडायचं नव्हतं. वर आलेला मळ सोनारानं काढला आणि वजनात घट किती आली ते सांगितलं. मी विचारलं म्हणून त्यानं ती कागदावर लिहूनही दिली.

"आता ह्यातबी हिशेब," धाकटा म्हणाला.

तांब्याचे पत्रे, ठशाचं काम आणि झिलई धरून तीन टाकांची मजुरी दोन हजार सातशे रुपये झाली. ती मी काकांच्या समोर, पाचशेच्या पाच नोटा आणि दोनशेची एक, अशी रोख सोनाराच्या हातात दिली.