रडण्याचा वेग

माझ्या आईची आत्या मुक्या सिनेमांत नायिका होती. घरातले लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. यंदा, म्हणजे १९९५ साली, वय शहाऐंशी, दात चार, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. सध्या ती आठवणी सांगते आणि मी लिहून घेते.

"लिही," पाय पलंगावर घेत ती म्हणाली, "मला रडता येत नाही म्हणून हाकलणार होते, ते."

"तुला? रडता येत नाही?" घरात कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी हिचे डोळे भरतात.

"मधे बोलू नकोस गं. लिही."

आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. भावाशी कडाकडा भांडून घराबाहेर पडलेली. परत जायचं म्हणजे त्याच्यापुढे नाक घासायचं. पहिलाच सिनेमा. नवऱ्याची बोट बुडाल्याची तार येते आणि नायिका रडते, हाच त्यातला मुख्य प्रसंग. काचेच्या छपराचा स्टुडिओ, चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा थर, ऊन परतवणारे चकचकीत पत्रे थेट डोळ्यांवर. तरी ती अशी रडली की सुतारानं रंधा खाली ठेवला.

दोन दिवसांनी पडद्यावर बघितलं तर काय, बाई रडतायत की पेंगतायत कळेना! हात उचलायला एक युग, रुमाल डोळ्यांना लावायला दुसरं.

दिग्दर्शक भडकले. "उद्यापासून दुसरी मुलगी बोलवा!"

आत्या पुढे झाली. "पुन्हा दाखवा ना," ती कशीबशी म्हणाली.

"कशाला? आम्हालाही झोपवायला?"

"एकदाच, साहेब."

पुन्हा लावलं. आत्या पडद्यापाशी गेली आणि नायिकेमागच्या घड्याळावर बोट ठेवलं. "हा लंबक बघा. किती रेंगाळतोय! त्यालाही अभिनय येत नाही का?"

कॅमेऱ्याचं हँडल तेव्हा हातानं फिरवायचे, सेकंदाला दोन फेरे, मनातल्या मनात मोजत. हात जोरात फिरला की चित्रं जास्त टिपली जायची आणि पडद्यावर सगळं संथ. माना कॅमेरावाल्याकडे वळल्या. पन्नाशीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा. सगळे त्याला काका म्हणत.

"हात माझाच सुटला," काका खाली बघत म्हणाले. "माझी धाकटी मुलगी सासरी गेली तेव्हा अशीच रडली होती. या पोरीकडे बघताना मोजायचंच राहिलं."

"मग आता घरी बसून मोजा!" दिग्दर्शक गरजले.

"काकांना काढलंत तर मीही चालले," आत्या म्हणाली.

"अगं, आत्ता तर राहायला गयावया करत होतीस!"

"उद्या काकांसाठी मी मोजते."

"तू रडणार की मोजणार?"

"दोन्ही. पडद्यावर आवाज कुठे येतो?"

दुसऱ्या दिवशी तार हातात घेऊन आत्या धाय मोकलून रडली, "एक-दोन, एक-दोन" असा टाहो फोडत. काकांनी मान वळवून, फक्त आवाजावर हँडल फिरवलं. सुतार तोंडावर फडकं धरून हसत होता.

"आणि पडद्यावर?" मी विचारलं.

"दिवा लागला, साहेबांनी नाक शिंकरलं, चष्मा पुसला. मग म्हणाले, उद्या सकाळी आठला या. दोघंही. आणि काका, उद्या ही हसणार आहे, तेव्हा तरी हात जाग्यावर ठेवा!"