बदललेले डबे

माझी आई प्रभावती मेश्राम नर्स होती. बाबा, म्हणजे भीमराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांची नागपूरहून जयपूरला बदली झाली आणि दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, आईला जयपूरच्याच झालाना भागातल्या एका सरकारी संशोधन केंद्रात नोकरी मिळाली. आयुर्वेदातली जुनी औषधं खरंच लागू पडतात का, हे तिथे तपासत.

केंद्राचे प्रमुख वैद्य रामस्वरूप पारीक. घराणं तीन पिढ्यांचं वैद्यांचं. आई हॉस्पिटलात शिकलेली, तिला काढ्या-चूर्णांचं फारसं काही वाटत नसे. पारीकजींबद्दल मात्र आदर वाटे. ते म्हणत, "आजोबा सांगायचे म्हणून गुण येतो, असं मी किती दिवस बोलणार? एकदा कागदावर दिसू द्या. नाही दिसलं, तर तेही लिहीन मी."

त्यांनी सांधेदुखीवरचं आजोबांचं चूर्ण तपासायला घेतलं. निर्गुंडी आणि आणखी चार वनस्पती. चाळीस रुग्ण, सहा महिने. निम्म्यांना चूर्णाच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत नुसता भाजलेला कोंडा. डब्यांवर फक्त 'अ' किंवा 'ब'. औषध कुठल्या डब्यात, ते एका मोहरबंद पाकिटात. ते पारीकजींनाही ठाऊक नव्हतं. दर महिन्याला डबे देणं आणि रुग्णाच्या मुठीत किती जोर आहे ते मोजणं, हे आईचं काम.

रुग्णांत जवळच्या बस्सी गावची यमुना होती. चाळिशीची, विधवा, दोन म्हशींवर घर चालवणारी. तिची बोटं सुजून वाकली होती. दर खेपेला बसने यायची, मूठ दाबायची आणि विचारायची, "बहनजी, वाढला का जोर?"

वाढत नव्हता. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ती म्हणाली, "शेजारीण धार काढून देते आणि अर्धं दूध घेऊन जाते. तुमच्या गोळ्या मी एकही चुकवत नाही. मग माझंच काय चुकतं?"

ती गेल्यावर आईने दोन्ही डब्यांतली एकेक कॅप्सूल उघडून जिभेवर ठेवली. 'अ' कडूजहर. 'ब'ला कोंड्याची चव. यमुना 'ब'मध्ये होती.

पुढच्या खेपेला आईने कपाटातल्या जादा साठ्यातला 'अ'चा डबा काढला, त्यावर 'ब'ची चिठ्ठी चिकटवली आणि यमुनाला दिला. मला हे सांगताना ती म्हणाली होती, "तिच्याकडं पाहून राहवलंच नाही गं. आणि एकीला दिलं, मग बाकीच्यांकडं कसं पाहू?" असे तिने सात जणांचे डबे बदलले.

पाचव्या महिन्यात यमुना हसत आली. तिने स्वतः धार काढली होती. त्या दिवशी आईने घरी शिरा केला. कशाबद्दल, ते आम्हाला सांगितलं नाही.

पाकीट उघडलं, आकडे मांडले, तेव्हा 'अ' आणि 'ब' यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. 'ब'वालेही बरेच सुधारले होते. पारीकजींनी दोनदा बेरजा तपासल्या. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे आजोबांच्या बोलण्याचाच गुण असणार. लिहा, परिणाम आढळला नाही."

आईने ते स्वतःच्या हाताने लिहिलं.

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा घाबरले. "नोकरी जाईल तुझी. झालं ते झालं, गप राहा." ती गप राहिली. अहवाल वर गेला, चूर्णाचं काम बंद झालं, उरलेला साठा नष्ट करायचा हुकूम आला.

चार महिन्यांनी यमुना पुन्हा आली. बोटं परत आखडली होती. "त्याच गोळ्या द्या, बहनजी. विकत घेईन." देण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकटी म्हैस विकल्याचं तिने जाता जाता सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, खबर म्हणून.

त्याच दुपारी आई पारीकजींच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं बोलली. त्यांनी रुग्णांची यादी काढली. मग विचारलं, "कोण कोण?" तिने सात नावं सांगितली.

"पाकीट उघडायच्या आधी सांगितलं असतंत, तर सात जण वगळून हिशेब केला असता," ते म्हणाले. "अभ्यास लहान झाला असता. पण राहिला असता."

"औषध चांगलं होतं, सर. यमुनाचा हात मी पाहिलाय."

"एक हात पाहिलात तुम्ही. म्हणूनच तर चाळीस घेतले होते." आवाज चढला नव्हता. "आता ते चांगलं होतं की नाही, हे मीही सांगू शकत नाही."

त्यांनी वर पत्र पाठवलं. "डब्यांच्या वाटपात चूक झाली, देखरेख माझी होती, अभ्यास पुन्हा करू द्यावा." आईचं नाव कुठेच घातलं नाही. दोन ओळींचं उत्तर आलं, विषय बंद झाला आहे. १९८६ मध्ये ते निवृत्त झाले.

निरोपाच्या दिवशी आई त्यांना म्हणाली, "पत्रात माझं नाव घालायला हवं होतं." ते म्हणाले, "त्याने काय झालं असतं?"

आई अजून म्हणते, "काही झालं नसतं. पण सांगायचं ते मी सांगायला हवं होतं, आणि वेळेवर." ते चूर्ण त्यानंतर कुणी तपासायला घेतल्याचं तिच्या कानावर आलेलं नाही.