‘स्टार्ट’चा खरा अर्थ

दोन हजार तीन साली मी मुर्रीहून गोंदियाच्या शाळेत सायकलने जायची. नववीत होते. इंग्रजीच्या चाचणीत एका उताऱ्याचं भाषांतर आलं होतं. दारावर थाप पडते आणि एकटा बसलेला म्हातारा ‘स्टार्ट’ होतो, असं त्यात वाक्य होतं. मी लिहिलं, म्हातारा दचकला. सरांनी लाल रेघ मारून वर लिहिलं, ‘म्हाताऱ्याने सुरुवात केली.’

कशाची सुरुवात केली, ते मात्र कुठेच नव्हतं.

आमच्याकडे रद्दीतून आणलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. संध्याकाळी तो उघडून मी वडिलांना, म्हणजे बाबूजींना, समजावलं. या शब्दाचा मूळ अर्थच झटक्यात उडी मारणं. त्यावरून दचकणं, त्यावरून जागेवरून निघणं, आणि सुरुवात करणं हा अर्थ तर फार उशिरा आला.

बाबूजी चौथी शिकलेले. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “म्हंजे वावराच्या धुऱ्यातून ससा उसळते, तसा?”

“हो, अगदी तसाच!”

ते खूश झाले. मीही.

दुसऱ्या दिवशी शब्दकोश घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी तो उघडलाही नाही. “मला शिकवायला आलीस?” म्हणाले, आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. घरून कुणाला तरी घेऊन ये, म्हणाले.

बाबूजी धुतलेला सदरा घालून आले. आता ते सशाचं सांगतील, असं मला वाटत होतं. त्यांनी हात जोडले.

“लेकरू हाये सर. चुकलं असन. माफ करा.”

परतताना मी सायकल हातात धरून त्यांच्यासोबत चालत होते. रेल्वेच्या फाटकापाशी विचारलं, “तुमाले तर पटलं होतं ना?”

“पटलं होतं.”

“मंग माफी कायले मागितली?”

“तुही दहावी अजून व्हाची हाये. मार्क त्याईच्या हातात हायेत.” मालगाडी जाईपर्यंत ते रुळांकडेच बघत राहिले.

त्यानंतर मी गाईडात असेल तेच लिहू लागले. मार्क चांगले पडले. पुढे मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. नोकरी लागल्यावर एका लग्नात सर भेटले. सोबतच्या पाहुण्यांना माझी ओळख करून देत म्हणाले, “हिचं इंग्रजी मीच पक्कं करून घेतलं बरं का.”

पंगतीत बाबूजी माझ्या शेजारीच होते. त्यांनी मान हलवली. “हव जी, तुमचीच कृपा.”

सरांवरचा माझा राग केव्हाच विझला होता. पण त्या ‘कृपा’साठी बाबूजींना मी आजही माफ केलेलं नाही, आणि आता ते ऐकायलाही नाहीत.